शील आणि लौकिक



आजच्या पाठाचा विषय समजावयास सोपा, पण आचरावयास कठीण आहे. मनुष्याचें शील ही एक गोष्ट, आणि त्याचा लौकिक ही दुसरी. जोंपर्यंत दोहोंची वाट एकच असते, तोंपर्यंत ह्या भेदाची कोणास आठवणही होत नाहीं. परंतु प्रत्येकाच्या आयुष्यांत एखादा असा दिवस येतो कीं, एक वाट उजवीकडे वळते व दुसरी डावीकडे. आणि मग कोणाचा हात धरावा व कोणाचा सोडावा, हें ठरविणें भाग पडतें. तो दिवस आधीं कळवून येत नाहीं. म्हणून त्याची तयारी आजच केलेली बरी.

परतवाड्याहून घाट चढून चिखलदऱ्यास जाणाऱ्या मनुष्यास तेथील लोक भीमकुंड दाखवितात. समुद्रसपाटीपासून ३,६०० फुटांहून अधिक उंचीचें तें पठार आहे. पावसाळ्यांत तेथें धुकें इतकें दाट उतरतें कीं, चार हातांवरचा मनुष्य ओळखूं येत नाहीं. लोक सांगतात कीं, ह्या गांवाचें मूळ नांव कीचकदरा. भीमानें कीचकास मारून ह्याच दरींत लोटून दिलें, आणि कुंडांत हात धुतले. विराटाचें नगर आपल्याच मुलुखांत होतें, असें देशांतील दुसऱ्याही कांहीं ठिकाणचे लोक मानितात. त्या वादांत आपणांस पडावयाचें नाहीं. परंतु त्या कथेंतील एक गोष्ट आपल्या विषयास नेमकी लागू पडते.

पांडवांचें तें अज्ञातवासाचें वर्ष होतें. युधिष्ठिर हा कंक नांवाचा राजाचा सोबती झाला, भीम स्वयंपाकघरांत बल्लव झाला, अर्जुन बृहन्नडा होऊन मुलींस नाच शिकवूं लागला, आणि द्रौपदी राणीची वेणीफणी करणारी सैरंध्री झाली. राज्य, कुळ, पराक्रम, बिरुदें हीं सर्व नांवाबरोबरच गेलीं. लौकिकाची कवडीही हातीं उरली नाहीं. अशा वेळीं कीचकानें भर सभेंत सैरंध्रीचा अपमान केला. विराट राजा सिंहासनावर बसलेला होता. पण कीचक त्याचा मेहुणा आणि सेनापति, राज्याचें सर्व बळ त्याच्या हातीं. म्हणून राजा न्यायाचा शब्द बोलला नाहीं. ज्याच्या नांवाचा डंका वाजत होता तो गप्प बसला; आणि जिला स्वतःचें नांवही सांगतां येत नव्हतें, त्या दासीनें भर सभेंत उभें राहून न्याय मागितला. नांव काढून घेतल्यावर मनुष्यांत जें उरतें, तेंच त्याचें शील.

१. दोहोंतील भेद

लौकिक म्हणजे आपल्याविषयीं लोकांच्या मनांत असलेलें चित्र. तें चित्र आपण पुरें काढीत नाहीं. तें दुसरे काढितात. शेजारी, सोयरे, गांवचे पंच, कचेरींतील वरिष्ठ, इतकेंच काय, पण आपणांस कधीं न पाहिलेले लोकही त्यांत रंग भरितात. म्हणून तो एका रात्रींत मिळतो आणि एका रात्रींत जातो. शिलाची गोष्ट तशी नव्हे. तें रोजच्या लहान लहान निवडींतून हळूहळू घडतें. तें कोणी चोरूं शकत नाहीं. गेलेंच तर तें आपण स्वतः विकल्यामुळें जातें, आणि बहुतेक वेळां लौकिकाच्याच मोबदल्यांत विकलें जातें.

हें नीट समजावें म्हणून मेळघाटांतीलच एक उदाहरण घेऊं. लहान मुलांच्या पोषणाकरितां सरकारनें २ ऑक्टोबर १९७५ रोजीं एकात्मिक बालविकासाची योजना सुरू केली, आणि पुढें तिच्या अंगणवाड्या गांवोगांव निघाल्या. अंगणवाडींत काटा असतो आणि वही असते. काट्यावर मुलाचें वजन करावयाचें, आणि तें वहींत मांडावयाचें. दंडाचा घेर मोजण्याची पट्टीही असते. सहा महिन्यांपासून पांच वर्षांपर्यंतच्या बालकाचा हा घेर ११.५ सेंटिमीटरांपेक्षां कमी भरला, तर तें बालक अतितीव्र कुपोषित समजून त्याच्यावर तांतडीनें उपचार करावयाचे असतात. इ. स. १९९३ मध्यें मेळघाटांतील बालमृत्यूंची वार्ता सर्व महाराष्ट्रांत पसरली, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलें, आणि तेव्हांपासून ह्या डोंगराचें नांव निघालें कीं ऐकणाऱ्यास कुपोषण आठवावें, असा त्याचा लौकिक होऊन बसला.

आतां समजा, एका पाड्यावरच्या सेविकेनें एका लेंकराचें वजन केलें, आणि काटा सहा किलोंवर थांबला. मूल दीड वर्षाचें. खरा आंकडा लिहिला, तर तिच्याच गांवांत कुपोषित मुलें अधिक दिसणार. वरून विचारणा होणार कीं, शेजारच्या गांवची वही स्वच्छ, मग तुझीच अशी कां? गांवकरीही म्हणणार कीं, आमच्या गांवाचें नांव कशाला घालवितेस? कलमाच्या एका फटकाऱ्यानें सहाचे आठ होतात. तसें केलें म्हणजे सेविकेचें नांव राहतें, वरिष्ठांचें राहतें, गांवाचेंही राहतें. फक्त लेंकरूं तेवढें सहा किलोंचेंच राहतें. त्याला जादा आहार मिळत नाहीं, त्याला दवाखान्यांत कोणी नेत नाहीं. कारण वहीप्रमाणें तें धडधाकट आहे.

वाचकहो, काट्यावरचें वजन म्हणजे शील, आणि वहींतलें वजन म्हणजे लौकिक. दोन्ही आंकडे जुळले तर फारच उत्तम. परंतु जुळत नसतील, तर वही काट्याप्रमाणें दुरुस्त करावयाची असते. काटा वहीप्रमाणें नव्हे. आणि ह्या उदाहरणांत आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. जी सेविका खरें लिहिते, तिचीच वही सर्वांत वाईट दिसते. खरें बोलणाराचा लौकिक आरंभीं बहुधा असाच खालावतो.

२. एका मनुष्याच्या आयुष्यांतील दोन मिरवणुकी

गोपाळ गणेश आगरकर ह्यांचें नांव महाराष्ट्रास ठाऊक आहे. ते जन्मले कऱ्हाडाजवळ टेंभू गांवीं, इ. स. १८५६ मध्यें, परंतु त्यांच्या शिक्षणाचीं महत्त्वाचीं वर्षें वऱ्हाडांत गेलीं, आणि १८७५ सालीं ते अकोल्याहूनच मॅट्रिक झाले. घरचें दारिद्र्य पराकाष्ठेचें. एम्. ए. पर्यंत शिकल्यावर मोठ्या पगाराची सरकारी नोकरी सहज मिळाली असती. पण त्यांनीं आईस पत्र लिहून कळविलें कीं, पोटापुरत्या मिळकतींत समाधान मानून आपण आपला सर्व वेळ परहितांत घालविणार. पुढें चिपळूणकर व टिळक ह्यांच्या शाळेंत ते येऊन मिळाले, आणि १८८१ च्या जानेवारींत निघालेल्या ‘केसरी’चे ते पहिले संपादक झाले.

लवकरच कोल्हापूरचें प्रकरण उपस्थित झालें. तेथील तरुण महाराज चौथे शिवाजी ह्यांचे हाल होत आहेत, असें लोकांत बोललें जात होतें. दिवाण माधवराव बर्वे ह्यांच्यावर ठपका ठेवणारीं कांहीं पत्रें ‘केसरी’ व ‘मराठा’ ह्यांच्या हातीं आलीं आणि तीं विश्वासानें छापिलीं गेलीं. बर्व्यांनीं अब्रुनुकसानीची फिर्याद केली. पुढें तीं पत्रें बनावट असल्याचें दिसून आलें. आगरकर व टिळक ह्यांनीं क्षमा मागितली. तरीही जुलै १८८२ मध्यें दोघांस चार महिन्यांची कैद झाली, आणि १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगांत काढून ते ऑक्टोबरांत सुटले. सुटकेच्या दिवशीं लोकांची गर्दी उसळली, सत्कार झाले, जयघोष झाला. महाराजांविषयींची त्यांची कळकळ खरी होती, ह्यांत संशय नाहीं. त्या दुर्दैवी राजाचा पुढच्याच वर्षीं, डिसेंबर १८८३ मध्यें, अहमदनगर येथें अंत झाला. परंतु ज्या मजकुराबद्दल शिक्षा झाली तो मजकूर खोटा होता, हें आगरकर स्वतः जाणत होते.

ह्याच प्रकरणांतील दुसरी एक गोष्ट सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. ह्या तरुणांस जामीन हवा होता, तेव्हां जोतीराव फुले ह्यांनीं आपले स्नेही रामशेट उरवणे ह्यांच्याकरवीं दहा हजार रुपयांच्या जामिनाची व्यवस्था केली. ज्या मंडळींत हे तरुण वावरत, त्या मंडळींतून जोतीरावांची थट्टा झाली होती. मदत न करते, तर त्यांस कोणी बोल लाविला नसता. तरी त्यांनीं मदत केली.

आतां दुसरी मिरवणूक पाहा. बालविवाह, विधवांचें केशवपन, स्त्रियांस शिक्षणाची बंदी ह्यांविरुद्ध आगरकर लिहूं लागले. ‘केसरी’च्या चालकांत मतभेद झाला. आपणांस खरें वाटतें तें लिहितां येत नाहीं, असें दिसतांच १८८७ मध्यें त्यांनीं तें संपादकपद सोडिलें, आणि पुढच्या वर्षीं ‘सुधारक’ काढिला. ह्या लिखाणांत बनावट असें कांहीं नव्हतें. ज्या दुःखांविषयीं ते लिहीत, तीं घरोघर डोळ्यांनीं दिसत होतीं. त्याबद्दल पुण्याच्या लोकांनीं काय दिलें? त्यांच्या हयातींतच त्यांची प्रेतयात्रा काढिली, आणि ती त्यांच्या दारावरून नेली. १७ जून १८९५ रोजीं, वयाचीं ३९ वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं तोंच, दम्याच्या विकारानें त्यांचें देहावसान झालें. आपल्या अंत्यविधीपुरते पैसे त्यांनीं पुरचुंडींत बांधून ठेविले होते, असें सांगतात.

ह्या दोन मिरवणुकी शेजारीं शेजारीं ठेवून पाहा. जो मजकूर चुकीचा होता, त्याच्या पायीं जयघोष झाला. जें लिखाण खरें होतें, त्याच्या पायीं तिरडी मिळाली. मनुष्य तोच, शहर तेंच, मध्यें दहाएक वर्षांचें अंतर. तेव्हां लोकांचा जयघोष अथवा लोकांची तिरडी ही आपण खरे कीं खोटे हें मोजण्याची मापें नव्हत. आगरकर ईश्वराविषयीं अज्ञेयवादी होते, आणि त्या बाबतींत त्यांचें मत आपणांपैकीं बहुतेकांस मान्य होणार नाहीं. परंतु ह्या धड्यासाठीं त्यांच्या पायाशीं बसावयास आपणांस लाज वाटूं नये.

३. एक आक्षेप व त्याचें उत्तर

कोणी म्हणेल, मग लौकिक अगदींच कवडीमोल आहे काय? तसें नव्हे. शलमोनाच्या नीतिसूत्रांतील बावीसाव्या अध्यायाच्या आरंभीं चांगल्या नांवाची किंमत धनाहून अधिक ठरविली आहे. आणि गरिबाला तर नांवाशिवाय दुसरें भांडवलच नसतें. नांव चांगलें असेल तर दुकानदार उधार देतो, मुकादम कामावर घेतो, मुलीच्या सोयरिकीस अडथळा येत नाहीं. श्रीमंताचें नांव गेलें तरी त्याचा वाडा उभा राहतो. मजुराचें नांव गेलें तर त्याची चूल विझते. म्हणून, ‘लोक कांहींही म्हणोत’ असें दुसऱ्यास सांगण्यापूर्वीं, लोकांच्या म्हणण्याची किंमत त्याला किती मोजावी लागेल ह्याचा आपण विचार केला पाहिजे. आणि खरें बोलल्यामुळें ज्याचें नांव गेलें, त्याच्या चुलीची काळजी वाहिली पाहिजे. नुसता उपदेश करून आपण मोकळे होत नाहीं.

दुसरें असें कीं, हट्ट म्हणजे शील नव्हे. लोक विरुद्ध आहेत, एवढ्यावरून आपण बरोबर आहों असें ठरत नाहीं. आगरकरांनीं बनावट पत्रांबद्दल क्षमा मागितली, हेंही त्यांच्या शिलाचेंच लक्षण होय. जो आपली चूक कबूल करूं शकत नाहीं, तो शिलास नव्हे, तर आपल्याच लौकिकास जपत असतो.

कधीं कधीं दोन्ही बाजूंस सद्‌हेतूचीं माणसें असतात. पंडिता रमाबाईंनीं १८८९ च्या मार्च महिन्यांत मुंबईस शारदासदन काढिलें, आणि पुढच्या वर्षीं तें पुण्यास नेलें. तेथें कोणास धर्मांतराची सक्ती करावयाची नाहीं, असें ठरलें होतें. बाई स्वतः १८८३ मध्यें ख्रिस्ती झाल्या होत्या, आणि आपली प्रार्थना त्या दार उघडें ठेवूनच करीत. कांहीं मुली तेथें येऊन बसूं लागल्या. १८९३ मध्यें ह्यावरून मोठें वादळ उठलें. वर्तमानपत्रांनीं झोड उठविली, पुष्कळ पालकांनीं आपल्या मुली काढून नेल्या, आणि सल्लागार मंडळांतील रानडे, भांडारकर आदि थोर मंडळींनीं राजीनामे दिले. रमाबाईंस वाटे कीं, मुलीस उंबऱ्यावरून हांकलून देणें ही सक्तीच होय. सल्लागारांस वाटे कीं, ज्यांनीं आपल्या शब्दावर मुली पाठविल्या त्या पालकांचा विश्वास आपण राखिला पाहिजे. दोन्ही पक्षांपुढें प्रश्न खरा होता, आणि दोघांनींही मनांत एक व बाहेर एक असें न करितां, आपलें म्हणणें उघड केलें. पुढें काळ लोटला. १८९६-९७ च्या दुष्काळांत रमाबाई मध्यप्रांतांत गेल्या, आणि उपासमारीनें रस्त्यावर आलेल्या शेंकडों मुलींस त्यांनीं आश्रय दिला. केडगांवचें मुक्तिसदन त्यांतूनच वाढलें. पुण्यांत त्यांचें नांव गेलें होतें. पण त्या मुलींना नांव नको होतें, भाकर व आसरा हवा होता.

४. मंडळीचें नांव

आतां आपल्या अंगणाकडे वळूं. शाळा, वसतिगृह, दवाखाना, मंडळीची पेटी ह्या सर्वांना लौकिक असतो, आणि तो जपण्याचा मोह व्यक्तीच्या मोहापेक्षांही अधिक फसवा असतो. कारण स्वतःचें नांव वांचविण्यासाठीं लबाडी करणाऱ्यास निदान आंतून टोंचणी लागते. संस्थेचें नांव वांचविण्यासाठीं तीच लबाडी करणाऱ्यास मात्र आपण सेवा करीत आहों असें वाटतें.

पेटीच्या हिशेबांत रक्कम कमी आली. वसतिगृहांतील एखाद्या मुलानें येऊन भीत भीत सांगितलें कीं, अमुक मोठा मनुष्य माझ्याशीं वाईट वागतो. अशा वेळीं वडीलमंडळी एकत्र बसतात, आणि कोणीतरी हळूच म्हणतो, ‘बाहेर गेलें तर लोक हंसतील, मंडळीचें नांव जाईल, घरांतलें घरांत मिटवूं.’ हेंच तें सहाचे आठ करणें. रक्कम भरून निघत नाहीं, आणि त्या मुलाचें दुःखही मिटत नाहीं. उलट, आपलें ऐकावयास कोणी नाहीं हें त्याला कायमचें कळतें, आणि तो वाईट मनुष्य दुसऱ्या मुलाकडे वळतो. पिलातानें लोकांसमोर हात धुतले, आणि आपलें पद राखिलें. त्या पाण्यानें त्याचे हात स्वच्छ झाले, असें आजपर्यंत कोणी म्हटलेलें नाहीं.

येथें एक विवेक राखावा. प्रत्येक गोष्ट चव्हाट्यावर मांडणें म्हणजे सत्य नव्हे. ज्याचें दुःख आहे त्याची लाज झांकणें हें प्रेम. ज्यानें अपराध केला त्याची लाज झांकणें हा अपराधांतील वांटा. पीडित मुलाचें नांव गुप्त ठेवावें, पण अपराध गुप्त ठेवूं नये. तो पोलिसांपुढें व कायद्यापुढें नेणें हें आपलें कर्तव्य आहे.

५. निर्णयाच्या वेळीं विचारावयाचे प्रश्न

कठीण प्रसंगीं मन गोंधळतें. तेव्हां पुढील चार प्रश्न स्वतःस शांतपणें विचारावे.

पहिला : हें कोणासच कधीं कळणार नसतें, तर मीं काय केलें असतें? जें उत्तर येईल, तें माझ्या शिलाचें आजचें वजन.

दुसरा : माझें नांव राखण्याची किंमत कोण देणार? ती मीच देत असेन, तर प्रश्न लहान आहे. ती एखादें लेंकरूं, विधवा किंवा मजूर देत असेल, तर तें नांव मला महाग नाहीं, त्यांस महाग आहे.

तिसरा : मी दुसऱ्याचें दुःख झांकीत आहें, कीं माझी चूक?

चौथा : माझ्या मताविरुद्ध असलेल्या एकातरी शहाण्या मनुष्याचें म्हणणें मीं पुरें ऐकलें आहे काय? नसेल, तर माझा निश्चय हट्टही असूं शकेल.

असो. चिखलदऱ्याचें धुकें दुपारीं विरतें, आणि जो मनुष्य धुक्यांत जेथें उभा होता तेथेंच दिसतो. लौकिकाचें तसेंच आहे. कधीं तो आपणांस झांकितो, कधीं आहों त्याहून मोठें भासवितो. पण आपण कोठें उभे आहों हें तो बदलीत नाहीं. खरें वजन लिहून बोलणीं खाल्लेली सेविका आपल्या मंडळींत बसलेली असेल, तर येत्या रविवारीं तिच्या शेजारीं जाऊन बसा. तिचें नांव परत मिळेल तेव्हां मिळेल. तोंवर तिला एकटें पडूं देऊं नका.

वर्गांत चर्चा करावयाचे प्रश्न :

(१) विराट राजा सभेंत गप्प राहिला. आपल्या गांवांत असे कोणते प्रसंग येतात कीं, कोणाच्या तरी बळामुळें आपण गप्प बसतों?

(२) आगरकरांच्या दोन मिरवणुकींपैकीं कोणती आपणांस अधिक आवडली असती? खरें उत्तर द्या.

(३) सल्लागारांनीं राजीनामे दिले, आणि रमाबाईंनीं दार उघडें ठेविलें. दोहोंपैकीं कोणाच्या जागीं आपण असतां, तर काय केलें असतें, आणि कां?

(४) खरें बोलल्यामुळें ज्याचें काम किंवा नांव गेलें, त्याच्यासाठीं आपली मंडळी ह्या महिन्यांत कोणती एक गोष्ट करूं शकेल?